कुळागरात उंदरांसाठी आमिषपेटी: खारीला, शेकरूला धक्का न लावता

वडिलोपार्जित भाट (माडांची बाग) किंवा कुळागर (पोफळी, माड, मिरी, केळी यांची मिश्र बाग) पुन्हा कसायला घेतले की पहिल्याच पाडणीला माडाखाली पोखरलेली बोंडे दिसतात आणि दिवसभर झावळ्यांवरून पळणारी खार चोर ठरते. कारण ती डोळ्यांना दिसते. उंदीर अंधार पडल्यावर कामाला लागतो आणि उजाडायच्या आत दडतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग बाजारातून विषारी केक येतात, पाडेलीच्या (नारळ पाडणाऱ्याच्या) हातून माडाच्या शेंड्यात ठेवले जातात आणि पहाटे सगळ्यांत आधी सापडतात ते खारीला.

त्यात इंटरनेटवर परदेशी फीडरचे व्हिडिओ भरपूर आहेत. वजनाने उघडणारे दार, आत दाणे, खार आली की दार उघडते. ते ब्रिटनसाठी ठीक आहे. तिथली करडी खार उत्तर अमेरिकेतून आणलेली, मूळच्या तांबड्या खारीला हुसकावणारी. ती तांबडीपेक्षा बरीच वजनदार असते, म्हणून दाराचे वजन नेमके बसवून दोघींना वेगळे करता येते. आपल्याकडे उलट आहे. इथली पट्ट्यांची खार इथलीच, आणि तिचे वजन उंदराच्या पिलाएवढे ते लहान उंदराएवढे. जे दार तिला अडवेल ते निम्म्या उंदरांनाही अडवेल. त्यामुळे गोव्यात हे काम वजनावर होत नाही, वेळेवर होते: खार दिवसाची, उंदीर रात्रीचा, म्हणून विषाची पेटी रात्री उघडी आणि दिवसा बंद. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. पूर्ण क्रमाला साधारण महिना लागतो.

कायद्याचे आधीच सांगून ठेवतो. शेकरू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि त्या कायद्यात विष घालणे ही शिकारच धरली जाते. जमीन तुमच्या नावावर आहे म्हणून त्यातून सुटका नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत, जिथे कुळागर थेट रानाला लागून असते, तिथे हे विशेष लक्षात ठेवा.

१. नुकसान कोणाचे, ते तीन दिवस पाहा

घाई इथेच नडते. विष आणण्यापूर्वी पडलेली बोंडे आणि नारळ गोळा करून एका गोणपाटावर मांडा आणि एकेक उलटून पाहा.

उंदराचे भोक बहुतेक देठाकडच्या बाजूला, टोपीच्या जवळ असते. कडा स्वच्छ कुरतडलेल्या, दातांच्या समांतर बारीक रेघा स्पष्ट दिसतात. ३ ते ६ महिन्यांची कोवळी फळे त्याला आवडतात, कारण कवटी अजून घट्ट झालेली नसते. भोक पडल्यावर काही दिवसांत फळ गळते.

भोकच नसेल तर उंदीर सोडून द्या. टोपीखाली तपकिरी, खरखरीत त्रिकोणी डाग असतील तर ती कोळ्याची कीड आहे. झावळ्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कापल्या गेल्या असतील तर गेंड्या भुंगा. बोंडे देठासकट ओढून, अर्धवट चावून खाली फेकलेली असतील तर खेती (माकडे). या तिघांवर उंदराच्या विषाचा काडीचा उपयोग नाही.

शेकरू दिवसाढवळ्या येते, नारळ देठालाच असताना पोखरते, आणि मोठे असल्याने त्याचा वावर ऐकूही येतो. पट्ट्यांची खार जास्त करून चिकू, पेरू, पपई, पिकता आंबा आणि कोकोच्या शेंगा यांच्या मागे असते.

शंका उरली तर राखेची चाचणी करा. चुलीची राख चाळून घ्या आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला, मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) मागे, माडाच्या बुंध्याशी, अशा पाच-सहा जागी हातभर लांबीरुंदीचे पातळ थर पसरा. संध्याकाळी सातला थर सारखा करा आणि पहाटे सहाला पाहा. पुन्हा सारखा करा आणि संध्याकाळी पाहा. पहाटे पावले आणि त्यांच्या मधोमध शेपटीची बारीक ओढ असेल तर उंदीर. पावले फक्त संध्याकाळच्या पाहणीत सापडत असतील तर ती दिवसाच्या प्राण्यांची. पावलांच्या आकारावरून उंदीर आणि खार ओळखायला जाऊ नका, दोघांच्याही पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटे उमटतात. वेळ हाच पुरावा.

तीन दिवसांत रात्रीच्या खुणा मिळाल्या नाहीत, तर पुढचे सगळे टप्पे सोडा आणि खाली खारीसाठी दिले आहे तेवढेच करा.

२. सामान आणि कागद

एका एकराला ८ ते १० पेट्यांनी सुरुवात करा. प्रत्येक पेटीसाठी:

- ९० मिमी, म्हणजे दुकानात ज्याला तीन इंची म्हणतात तो पीव्हीसी पाइप: ३० सेमीचे दोन तुकडे, ४५ सेमीचा एक
- त्याच मापाचा एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि तीन टोप्या
- आरपार जाईल एवढी जाड जीआय तार, अंदाजे २० सेमी
- एक स्क्रू, सुतळी, दोन चिरे

६ मीटरच्या पाइपात पाच पेट्यांचे तुकडे निघतात, ३ मीटरच्या पाइपात दोनच. मोठ्या घुशींचा त्रास असेल तर ११० मिमीचा पाइप घ्या, ९० मध्ये मोठी घूस शिरायला बिचकते.

शिवाय रबरी हातमोजे, एक वही, कुलूप लागणारा डबा आणि माडांसाठी पत्रा.

उंदीरनाशक परवानाधारक कृषी दुकानातूनच घ्या, बिल घ्या, वेष्टन फेकू नका. भाट सामायिक असेल तर इतर हिस्सेदारांना आणि कुळाला आधी सांगा. विष ठेवल्याची गोष्ट मागाहून कळणे कोणालाच रुचत नाही. विभागीय कृषी कार्यालयात सल्ल्याला किंवा योजनेसाठी जाताना फॉर्म १ व १४ ची (जमिनीच्या उताऱ्याची) ताजी प्रत आणि कृषी कार्ड सोबत ठेवा. जुन्या गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि तिथलेच उत्तर गोवा कृषी विज्ञान केंद्र, दक्षिणेत मडगावचे कृषी विज्ञान केंद्र, इथे पोखरलेले फळ नेऊन दाखवले तर नेमका सल्ला मिळतो. दोन-तीन फळे कापडी पिशवीत घालून न्या, प्लास्टिकमध्ये ती लगेच घाम धरून कुजतात.

३. विषाआधी वर जायची वाट तोडा

हा टप्पा वगळला तर पेट्या वर्षभर भरत बसावे लागते.

सुट्या उभ्या माडांना पत्रा बांधा. जमिनीपासून २ मीटर उंचीवर, ४० सेमी रुंद, गुळगुळीत जीआय किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. बुंध्याचा घेर मोजून त्यात १० सेमी मिळवा, म्हणजे टोके एकमेकांवर नीट चढतात. खिळे ठोकू नका. माडाच्या बुंध्याला झालेली जखम सोंड्या भुंग्याला आमंत्रण देते आणि मग बोंडांऐवजी अख्खा माड जातो. वरून आणि खालून जीआय तारेचे दोन वेढे घालून पिळ द्या. माडाचा बुंधा आंब्या-फणसासारखा वर्षागणिक जाड होत नाही, त्यामुळे तार सैल करत बसावी लागत नाही, गंज मात्र दर पावसाळ्यानंतर पाहावा.

पाडेलीला पत्र्याची कल्पना आधी द्या. ओल्या पत्र्यावर पाय घसरतो. तारेचा पिळ सहज सुटेल असा ठेवला तर तो चढण्यापूर्वी पत्रा काढून घेईल आणि उतरल्यावर परत बांधेल.

आता नव्या लोकांची नेहमीची फसगत: दहापैकी चार माडांना पत्रा बांधला आणि झावळ्या एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या. उंदीर पाचव्या माडावरून चढतो आणि वरच्या वर चारही माड फिरतो. ज्या गटाच्या झावळ्या भिडतात त्या सगळ्या गटाला पत्रा, नाहीतर कोणालाच नको. माड साडेसात मीटरवर लावलेले असतील तर पत्रा छान काम करतो. पोफळी पावणेतीन मीटरवर असतात, शेंडे भिडलेलेच असतात, तिथे पत्र्यावर पैसे घालवू नका. मिरीचा वेल चढवलेल्या झाडालाही पत्रा बांधता येत नाही, वेल हीच शिडी असते.

बरोबरीने माडाच्या शेंड्यातल्या सुक्या झावळ्या, पिसोंड्या, जुनी पोयी उतरवून घ्या, उंदीर त्यांतच घर करतो. बुंध्याभोवती मीटरभर जागा बेणून (तण काढून) ठेवा. सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग मांगराला टेकून कधीच नको.

४. पेटी जोडणे

टी उलटी धरा: दोन आडवे हात, वर उभा हात. आडव्या हातांत ३० सेमीचे तुकडे, उभ्या हातात ४५ सेमीचा. चिकटवायची गरज नाही, दाबून बसवले तरी पुरते, आणि धुवायला परत सुटे करता येतात. उभ्या पाइपाला टीच्या वर ५ सेमीवर समोरासमोर दोन भोके पाडून तार आरपार घाला. केक या तारेत ओवायचे. भोकाचे केक मिळत नसतील तर बारीक तारेने अधिकच्या खुणेसारखे बांधून लटकवा. केक सुटा ठेवायचा नाही. उंदीर सुटा केक तोंडात धरून बाहेर नेतो, पाटाच्या कडेला टाकतो, आणि सकाळी तो कोंबडीला नाहीतर कुत्र्याला मिळतो. तारेत ओवलेला केक त्याला जागीच कुरतडावा लागतो.

वरची टोपी बसवून तिला एक स्क्रू मारा, म्हणजे मुले किंवा खेती ती उघडणार नाहीत. दोन्ही आडव्या तोंडांच्या टोप्या सुतळीने पेटीलाच बांधून ठेवा. बांधल्या नाहीत तर चौथ्या दिवशी एक हरवतेच, आणि टोपीशिवाय ही सगळी पद्धत कोलमडते. प्रत्येक पेटीवर क्रमांक आणि लाल रंगात ‘विष’ हा शब्द लिहा.

५. जागा

उंदीर उघड्यावरून जात नाही, कडेकडेने जातो. गडग्याच्या पायथ्याशी, मांगराच्या मागच्या भिंतीला, सोडणांच्या किंवा शेणखताच्या ढिगामागे, केळीच्या जुन्या बेटाशी पेट्या ठेवा. दोन पेट्यांत १२ ते १५ मीटर. तोंडे भिंतीला समांतर असू द्या.

पेटी दोन चिऱ्यांवर ठेवून तारेने बांधा आणि एक बाजू बोटभर खाली कलती करा, म्हणजे आत गेलेले पाणी वाहून जाईल. पाट, झर, विहीर यांच्यापासून पेटी दूर ठेवा, त्यांच्यापेक्षा वरच्या अंगाला तर नकोच. कुळागरात पाट फुटला की पाणी कुठेही शिरते, त्याचा विचार जागा ठरवतानाच करा.

माडाच्या शेंड्यात केक ठेवायची शिफारस नारळाच्या पुस्तकांत आहे: पाच माडांपैकी एकावर १० ग्रॅमचे केक, १२ दिवसांनी पुन्हा. एकसुरी नारळ बागेत ती चालते. कुळागरात नको. तिथे त्याच शेंड्यात खार घरटे बांधते आणि वर ठेवलेला केक दिवसा झाकता येत नाही.

६. पाच रात्री बिनविषाच्या

उंदीर नव्या वस्तूला काही दिवस बिचकतो. शिवाय पेटीत नक्की कोण येते हे तुम्हाला कळले पाहिजे. म्हणून पहिल्या पाच रात्री विषाशिवाय. तांदळाच्या कणीत थोडे भाजलेले सुके खोबरे आणि चमचाभर खोबरेल कालवा, प्रत्येक पेटीत मूठभर ठेवा. सुके बांगडे, सुंगटे घालू नका. उंदराला आवडतात हे खरे, पण मांजरे आणि मुंगूसही त्याच वासावर येतात.

वहीत प्रत्येक पेटीसमोर रोज सकाळी लिहा: शिवले नाही, थोडे खाल्ले, संपले. पेटीच्या दोन्ही तोंडांपुढे राख पसरून ठेवा. चकाकणारी चिकट रेघ दिसली तर ती गोगलगाय, पावसाळ्यात ती सगळे आमिष फस्त करते आणि उंदीर खूप आहेत असा भ्रम होतो. पेटी आणखी एक चिरा वर उचलली की तिचा त्रास कमी होतो.

पाच रात्रींनंतरही ज्या पेटीला कोणी शिवले नाही ती दोन-तीन मीटर सरकवण्यापेक्षा दुसऱ्या गडग्याला नेलेली बरी.

७. टोप्यांची सवय

विष घालण्याआधी हीच सवय अंगी लागली पाहिजे, म्हणून ती बिनविषाच्या रात्रींपासूनच सुरू करा.

संध्याकाळी पूर्ण काळोख झाल्यावर दोन्ही टोप्या काढायच्या. पहाटे, फटफटायच्या आधी, दोन्ही लावायच्या. पट्ट्यांची खार उजाडताच बाहेर पडते. सात वाजता चहा घेऊन टोप्या लावायला गेलात तर उशीर झालेला असतो. कामगाराच्या भरवशावर हे सोडू नका, बहुतेक कामगार आठला येतात. ज्या पहाटे जमणार नसेल त्या आदल्या रात्री पेट्या उघडूच नका. एक रात्र वाया गेली तर काही बिघडत नाही.

तुम्ही पणजीत किंवा वास्कोत राहता आणि भाटात फक्त रविवारी जाता, अशी स्थिती असेल तर विषाची पेटी तुमच्यासाठी नाही. पत्रा, साफसफाई आणि जागेवर राहणारा माणूस असेल तेव्हा सापळे, एवढ्यावर भागवा.

८. विष: कोणते आणि किती

०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचे तयार मेणाचे केक घ्या. आपल्या पावसात धान्याचे आमिष दोन दिवसांत बुरसटते, मेणाचा केक टिकतो. हे विष रक्त गोठू देत नाही, उंदीर चार-पाच दिवसांनी मरायला लागतात, आणि खाणे व मरणे यांत अंतर असल्याने बाकीचे उंदीर आमिषावर संशय घेत नाहीत. दुसऱ्या सकाळी मेलेला उंदीर दिसला नाही म्हणून केक दुप्पट करू नका.

झिंक फॉस्फाइड कुळागरात नको. त्यावर उतारा नाही, ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो, आणि अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुढे तसले आमिष शिवत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरातही आणू नका. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावरही उतारा नाही. पिकावरची कीटकनाशके भातात कालवून ठेवण्याची जुनी खोड अजून काही ठिकाणी आहे. त्याने कुत्री, मोर, घुबडे मरतात आणि ते बेकायदाही आहे. चिकट फळ्यांवर उंदरापेक्षा पाली, पक्षी आणि खारीच जास्त अडकतात.

हातमोजे घालूनच केक हाताळा. प्रत्येक पेटीत १० ग्रॅमचे दोन केक. सकाळी दोन्ही संपलेले दिसले तर त्या रात्री चार. थोडेच खाल्ले असेल तर तेवढेच राहू द्या. खाणे पहिले काही दिवस वाढते, मग उतरते. सलग तीन रात्री कोणी शिवले नाही की केक काढून घ्या. पहिल्या दिवसापासून १२ दिवसांनी पुन्हा एकदा ताजे केक लावा, मधल्या काळात बाहेरून आलेले आणि पहिल्यांदा वाचलेले उंदीर त्यात येतात.

खाणे उतरतच नसेल, तर शेजारचे भाट पाहा. पडीक भाटातून उंदीर येत राहतात आणि तुमची पेटी त्यांची खाणावळ होते. शेजाऱ्याशी बोलून दोन्हीकडे एकाच आठवड्यात काम करणे हाच उपाय. मालक परगावी असेल तर निदान सीमेच्या गडग्याच्या दोन्ही अंगांना बेणणी करायची परवानगी मागा.

हंगाम म्हणाल तर भात कापणी झाल्यावर, शेतातले उंदीर भाटाकडे सरकतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पावसाच्या तोंडावर एप्रिल-मे महिन्यांत. भर पावसात नव्याने सुरू करू नका.

९. मेलेले उंदीर रोज शोधा

केक लावल्याच्या चौथ्या दिवसापासून रोज पहाटे टोप्या लावतानाच भाटातून एक फेरी मारा. मेलेला किंवा दिवसाउजेडी झिंगत फिरणारा उंदीर घुबडाने, धामणीने, मांजराने खाल्ला तर विष त्यांच्यातही उतरते. गव्हाणी घुबड आणि धामण हे तुमचे कायमचे राखणदार, त्यांना गमावले तर पुढे उंदीर वाढतात. मोज्याने उचलून, विहीर-पाटापासून दूर, कोपरभर खोल खड्ड्यात पुरा आणि वर एक चिरा ठेवा. उघड्या हातांनी उचलू नका, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाला साधी चीर असली तरी ते पुरेसे असते. गमबूट वापरा.

१०. विषबाधा झाली तर

या विषाची लक्षणे लगेच दिसत नाहीत, दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त येऊ लागते. मुलाने केक तोंडात घातल्याचा नुसता संशय असला तरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या, आणि वेष्टन सोबत न्या. व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरच्याच हातून. घरी ओकारी काढायला लावू नका. कुत्र्याने खाल्ले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे. उपचार काही आठवडे चालतात, कुत्रा बरा दिसला म्हणून मध्येच थांबवायचे नाहीत.

खारीसाठी

चिकू, पेरू, आंब्याला फळ हातात भरेल एवढे झाले की कागदी किंवा जाळीची पिशवी बांधा. पपई खालच्या टोकाला पिवळी झाक येताच उतरवा. कोकोच्या शेंगा रंग बदलू लागल्या की झाडावर ठेवू नका. लहान झाडांना जाळी टाकायची तर ताणून, खाली मातीत दाबून टाका. सैल जाळीत खारी आणि पक्षी अडकून मरतात. शेकरूचे नुकसान मोठे असेल तर तारीख दिसेल असे फोटो काढा, पोखरलेले नारळ मोजून ठेवा आणि वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात लेखी कळवा.

काम संपल्यावर

दुसऱ्या फेरीनंतर सगळ्या पेट्यांतले केक काढा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा, एखादा केक कमी भरला तर तो सापडेपर्यंत कोंबड्या आणि कुत्री बांधून ठेवा. चांगले केक मूळ वेष्टनासह कुलपाच्या डब्यात, मांगरात उंचावर. धान्य, खत आणि पेंड यांच्या जवळ नको. बुरसटलेले आणि कुरतडलेले केक उंदरांसारखेच खोल पुरा, जाळू नका, पाटात टाकू नका. पेट्या सुट्या करून धुवा आणि गडग्याशी परत मांडून ठेवा, आत मूठभर साधी कणी घालून. दर महिन्याला दोन रात्री टोप्या काढून पाहा. कणी जशीच्या तशी असेल तर विषाची गरज नाही. तीनपेक्षा जास्त पेट्या एका रात्रीत रिकाम्या झाल्या तरच सहाव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.